पिकअपच्या चासीचा क्रॉस मेंबर सडलाय, पट्टी मारू की बदलू?

मढकन्या | ४ जून, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. आमची २००९ ची टाटा २०७ आहे. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून बर्फातलं म्हावरं भरायचं आणि मालाड, कांदिवलीच्या बाजारात पोचवायचं, हे तिचं काम. आता १ जूनपासून मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत गाडी दारातच उभी. म्हणून खाली सतरंजी टाकून नीट बघून घेतलं. मागच्या अॅक्सलच्या मागे जो आडवा मेंबर आहे त्याचा खालचा ओठ (दुमडलेली कड) डाव्या बाजूला पूर्ण खाल्ला गेलाय. पेचकस टेकवला तर आरपार गेला. रिव्हेटच्या भोवती तांबूस ओघळ आहेत. गेले काही महिने स्पीडब्रेकरवर मागून "कट्" असा आवाज यायचा, तो स्प्रिंगच्या पाट्यांचा असेल असं ड्रायव्हर म्हणायचा.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, वरून पट्टी मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो चासीच काढा. दोघांनीही गाडीखाली वाकून बघितलं नाही, मोबाईलवरच्या फोटोवरून सांगितलं. गाडी विकायची नाही, वडिलांनी घेतलेली आहे आणि इंजिन उत्तम आहे. ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगा, काय करू?

टेम्पोवाला_मिलिंद | ४ जून, रात्री ९:३२
ताई, पट्टी मारा आणि मोकळ्या व्हा. माझ्या गाडीला तीन पट्ट्या आहेत. पासिंग होतंय, धंदा चालतोय.

आनंद_भांडुप | ४ जून, रात्री ९:५०
सोळा-सतरा वर्षांची गाडी. आज मेंबर, उद्या डिझेल टाकी, परवा केबिनचा पत्रा. आठ वर्षांवरच्या वाहतुकीच्या गाडीला दरवर्षी फिटनेस आणि वर पर्यावरण कर. तो करही महाराष्ट्रात २०१० पासून आहे, म्हणजे काही नवीन नाही. हिशोब करून बघा. कर्जावर नवी सीएनजी पिकअप घेतली तर हप्ता निघेल.

मढकन्या | ४ जून, रात्री १०:०५
आनंददादा, हप्ता बंदीच्या दोन महिन्यांतही भरावा लागतो आणि त्या दोन महिन्यांत गाडीला भाडं नसतं. तो हिशोब घरात झालाय. प्रश्न दुरुस्तीचाच आहे.

कुर्ला_गॅरेज | ४ जून, रात्री ११:२०
मी चासीचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, मेंबर बदलणं अवघड नाही. मेंबर काढल्यावर चासी जागची हलू न देणं, हे खरं काम. दोन लाँग मेंबर, म्हणजे चासीच्या लांबीचे दोन मुख्य बीम (त्यांनाच रेल म्हणतात), समांतर आणि काटकोनात ठेवायचं काम हे आडवे मेंबर करतात. एक सडला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो आणि रिव्हेट ढिले व्हायला लागतात. तुमचा "कट्" आवाज तोच. रिव्हेट आपल्या भोकात हलतोय आणि तांबूस ओघळ म्हणजे घासून निघालेला लोखंडाचा चुरा.

पण त्याआधी एक गोष्ट बघा, ती कुणी विचारली नाही. मेंबर सोडा, लाँग मेंबर कसा आहे? छोटा हातोडा घ्या. मेंबर जिथे रेलला चिकटतो त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो. सडलेला थप्प वाजतो आणि पापुद्रे गळतात. रेलचा खालचा ओठ विशेष तपासा. रेल चांगली असेल तर मेंबर बदलून गाडी अजून कितीतरी वर्षं चालेल. रेलच पातळ झाली असेल तर नवा मेंबर लावून उपयोग नाही, नव्या बोल्टांना धरायला काही उरत नाही. मग प्रकरण मोठं.

उद्या उजेडात बघून इथे लिहा.

पावसाळी | ५ जून, सकाळी ७:४५
धागा वाचतोय. मढच्या असाल तर मजुरीत सुके बोंबील द्या, अर्धी मुंबई हातोडा घेऊन येईल.

नाखवा_वर्सोवा | ५ जून, सकाळी ८:३०
पोरी, कुर्लेवाले बरोबर बोलतात. मीठपाणी लोखंडाला आतून खातं. आमच्याकडे बोटीच्या इंजिनाखालच्या फ्रेमचं हेच होतं. वरून रंग चकचकीत, आत पोकळ. दोन पत्रे जिथे एकावर एक बसतात त्या सांध्यात पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. तिथला गंज फुगतो आणि रिव्हेट-रिव्हेटच्या मधला पत्रा उचलतो. तुझ्या मेंबरला तशा लाटा आल्यात का बघ.

वेल्डर_सुभाष | ५ जून, सकाळी ९:१५
मिलिंदभाऊंच्या तीन पट्ट्यांबद्दल काळजीने लिहितोय, राग मानू नका. सडलेल्या पत्र्यावर पट्टी वेल्ड केली की वेल्ड धरतो तो सडलेल्या पत्र्यालाच. कडेला पत्रा दीड मिलिमीटर उरला असेल तर आर्क लागताच तो वितळून भोक पडतं. मग वेल्डर वर आणखी मसाला भरतो. बाहेरून गाठ जाड दिसते, आत पकड शून्य. शिवाय पट्टी आणि जुन्या मेंबरच्या मध्ये खाच राहते, नाखवाकाकांनी सांगितलेलं पाणी तिथेच बसणार.

मी पट्टी कुठे मारतो? तडा गेलेला असेल, बाकी पत्रा पूर्ण जाडीचा आणि निरोगी असेल, तिथे. तड्याच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे सरकत नाही, मग तडा व्ही आकारात घासून भरायचा. गंजलेल्या मेंबरला हा उपाय नाही.

टेम्पोवाला_मिलिंद | ५ जून, सकाळी ९:४०
राग कशाला. पण माझ्या गाडीला चार वर्षांत काही झालं नाही.

वेल्डर_सुभाष | ५ जून, सकाळी ९:५२
तुमच्या गाडीत माल काय असतो?

टेम्पोवाला_मिलिंद | ५ जून, सकाळी ९:५५
थर्माकोल आणि पॅकिंगचे खोके.

वेल्डर_सुभाष | ५ जून, सकाळी १०:०१
बर्फ आणि मासळी याच्या कितीतरी पट वजनदार, आणि वर खारं पाणी. दोन्ही गाड्यांना एकच माप लावता येणार नाही.

मढकन्या | ५ जून, दुपारी १:२०
बघितलं. भाऊ हातोडा घेऊन खाली गेला, मी बॅटरी धरली. रेल दोन्ही बाजूंना टण्ण वाजते. डाव्या रेलच्या खालच्या ओठावर पापुद्रे आहेत, पण वायर ब्रशने घासल्यावर खाली घट्ट पत्रा लागला. कॅलिपरने मोजलं, उजव्या रेलपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी भरतो. आतल्या बाजूला मेंबर मात्र गेलाच आहे. आणि काका, हो, लाटा आहेत. रिव्हेटच्या मध्ये पत्रा बोटभर उचललाय. खालून हात फिरवला तर मूठभर तपकिरी खपल्या निघाल्या.

शेजारच्या मेंबरला, ज्याला स्टेपनी लटकते, वरवरचा गंज आहे. आवाज चांगला येतो.

कुर्ला_गॅरेज | ५ जून, दुपारी २:०५
मग बदला. अर्धा मिमी चालेल. पट्टीचा विचार सोडा.

अनिकेत_मुलुंड | ५ जून, दुपारी ३:३०
मधेच विचारतो, माफ करा. माझ्या जुन्या सुमोला गिअरबॉक्सखालचा मेंबर वाकलाय, गिअर टाकताना धक्का बसतो. तोही असाच रिव्हेट कापून काढावा लागेल का?

कुर्ला_गॅरेज | ५ जून, दुपारी ३:४८
नाही. गिअरबॉक्स उतरवता यावा म्हणून तो मेंबर बोल्टवर असतो. गिअरबॉक्सला खालून जॅक लावून आधार द्या, बोल्ट सोडा, मेंबर बाहेर. आधी माउंटिंगचं रबर बघा. रबर तुटून गिअरबॉक्स खाली बसला की मेंबर वाकल्यासारखा दिसतो.

विश्वास_ठाणे | ५ जून, संध्याकाळी ७:१०
नोकरीत मी बरीच वर्षं व्यावसायिक वाहनांच्या चासी आणि बॉडीच्या जोडणीचं काम केलं. नवा मेंबर कसला असावा यावर लिहितो, कारण इथे पुढचा सल्ला येईल तो "जाड करा, बॉक्स करा" असा.

पिकअपची शिडीसारखी चासी मुद्दाम थोडी पिळता येईल अशी बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात गेलं की पूर्ण फ्रेम जराशी पिळते आणि झटका सगळीकडे वाटला जातो. उघडा सी आकाराचा मेंबर पिळाला सहज साथ देतो. त्याच जागी जाड पत्र्याची बंद पेटी वेल्ड केली तर मेंबर पिळणारच नाही. मग पीळ कुठे जाईल? मेंबर आणि रेलच्या सांध्यात. काही महिन्यांत मेंबर ठणठणीत आणि रेलला तडा, असं चित्र मी कितीतरी गाड्यांवर पाहिलंय. बंद पेटीत पाणी शिरलं की सुकतही नाही, ते वेगळं.

म्हणून मूळ मेंबरचा आकार, मूळ जाडी, मूळ भोकं. पत्रा साधा एमएस (माइल्ड स्टील) न घेता मोटारीच्या चासीसाठीचा घ्या. बाजारात तो ई ३४, बीएसके ४६ अशा नावांनी मिळतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये तुकडा मिळू शकेल, नाहीतर ज्या बेंडिंगवाल्याकडे काम देणार त्यालाच आणायला सांगा. बांधकामाचं तयार चॅनेल कापून लावू नका. त्याच्या ओठांना आतून उतार असतो, बोल्टचं डोकं सपाट बसत नाही, आणि वजन विनाकारण वाढतं.

टेम्पोवाला_मिलिंद | ५ जून, संध्याकाळी ७:३५
बनवायचा कशाला? कुर्ल्याला सीएसटी रोडला भंगारातल्या गाडीचा कापलेला मेंबर मिळतो की.

विश्वास_ठाणे | ५ जून, संध्याकाळी ७:५०
मिळतो, आणि चांगला असेल तर जरूर घ्यावा, कारण आकार हुबेहूब असतो. पण मुंबईतच चाललेल्या गाडीचा असेल तर गंजाची कहाणी तीच असणार. घाटावरच्या, कोरड्या भागातल्या गाडीचा मिळाला तर बघा. रिव्हेटची भोकं लांबट झालीत का, कोपऱ्यात केसासारखे तडे आहेत का, आणि गॅस कटरने कापताना टोकं वाकडी झालीत का, हे उन्हात धरून तपासा. रंग मारलेला मेंबर तर घेऊच नका, रंगाखाली काय आहे ते कळत नाही.

संगीता_डोंबिवली | ५ जून, रात्री ८:४०
कागदांचं काम करते म्हणून एक सूचना. चासी नंबर लाँग मेंबरवर ठोकलेला असतो. काम करताना त्या जागी ग्राइंडर, वेल्डिंग, पुट्टी काहीही लागू देऊ नका. आजच नंबरचा स्वच्छ फोटो आणि पेन्सिलचा छाप घेऊन ठेवा. मेंबर बदलल्याने नोंदणी पुस्तकातलं काही बदलत नाही, ही साधी दुरुस्ती झाली. पण पूर्ण चासी बदलली, लांबी वाढवली किंवा बॉडीचा प्रकार बदलला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं आणि आधी परवानगी घ्यावी लागते. "चासीच काढा" म्हणणाऱ्याने हे सांगितलं नसणार. मेंबरच्या कामाचं बिल गाडीच्या नंबरासह घ्या, फिटनेसच्या वेळी कुणी विचारलं तर दाखवता येतं.

मढकन्या | ५ जून, रात्री ९:२५
संगीताताई, छाप आत्ताच घेतला. खूप आभार.

सुभाषदादा, कुर्लेवाले दादा, आता सांगा. वेल्ड की बोल्ट? आणि आमच्या इथल्या मेस्त्रीकडून करून घेतलं तर मी कशावर लक्ष ठेवू?

वेल्डर_सुभाष | ५ जून, रात्री १०:१०
मी वेल्डर आहे, तरी तुम्हाला बोल्ट सुचवेन. मूळ जागी रिव्हेट आहेत म्हणजे कंपनीने तिथे वेल्ड नको ठरवलंय. वेल्डच्या कडेला रेलचा पत्रा तापून त्याची ताकद बदलते आणि तडा नेमका तिथून निघतो. रेलच्या वरच्या आणि खालच्या ओठावर तर वेल्ड लावायचाच नाही, भोकही पाडायचं नाही. जे करायचं ते उभ्या भागात.

कुर्ला_गॅरेज | ५ जून, रात्री ११:४०
जेवून बसलो, आता क्रमाने लिहितो. मेस्त्रीला वाचून दाखवा.

जागा सपाट हवी. मढला रेतीत किंवा पेव्हर ब्लॉकवर काम करू नका, घोड्या (गाडीला आधार द्यायचे स्टँड) खचतात. हौदा रिकामा करा. घोड्या अॅक्सलखाली न लावता रेलखाली लावा, पुढे दोन, मागे दोन. चारही ठिकाणी उंची जुळली पाहिजे. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पाणी भरून लावला की दोन्ही रेल एका पातळीत आहेत का ते लगेच कळतं.

मग मापं. रेलवर डावी-उजवी जोडीने असणारी कंपनीची भोकं शोधा, पुढे एक जोडी, मागे एक. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा आणि खुणांमध्ये तिरकी मापं घ्या, पुढचं डावं ते मागचं उजवं, आणि उलट. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. चार-पाच मिलिमीटरच्या वर फरक असेल तर गाडी आधीच तिरकी झालीय, ती खेचून सरळ केल्याशिवाय मेंबर लावायचा नाही. तिरक्या चासीत नवा मेंबर घट्ट बसवला की तिरकेपणा कायमचा. मापं जमिनीवरच लिहून ठेवा, काम संपल्यावर परत घ्यायची आहेत.

बॅटरीची निगेटिव्ह सोडा. ग्राइंडर चालणार म्हणजे ठिणग्या उडणार, म्हणून डिझेल टाकी जवळ असेल तर उतरवून लांब ठेवा. ब्रेकचा पाइप, मागच्या दिव्यांची वायर, हँडब्रेकची केबल, जे जे मेंबरला क्लिपने बांधलंय ते मोकळं करा. ब्रेकचा पाइप गंजलेला असेल तर याच वेळी बदला, पुन्हा तिथे हात पोचत नाही. हौद्याचे यू बोल्ट मागच्या बाजूचे ढिले करून हौदा जरा उचलला तर वरून काम करायला जागा मिळते.

जुना मेंबर काढण्याआधी दोन रेलच्या मध्ये, मेंबरच्या जवळच, जाड अँगल आडवा लावून क्लॅम्पने आवळा. मेंबर निघाल्यावर रेल उघडू नये म्हणून. एका वेळी एकच मेंबर. स्टेपनीवालाही बदलायचा झाला तर हा पूर्ण बसल्यावरच तो.

रिव्हेट गॅसने उडवू द्यायचे नाहीत, भोक जळतं. डोकं ग्राइंडरने घासा, मध्यभागी पंच मारा, रिव्हेटच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिलने आत जा आणि ड्रिफ्टने ठोकून काढा. भोक गोल राहिलं पाहिजे. बोल्ट १०.९ ग्रेडचे घ्या. रिव्हेट गरम असो वा थंड, ठोकल्यावर भोक गच्च भरतो. बोल्ट तसा भरत नाही, म्हणून भोक रीमरने नेमक्या मापाला आणा आणि बोल्ट हलक्या हातोडीने आत जाईल इतका घट्ट ठेवा. दोन पत्र्यांच्या सांध्यात बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा, आटे नकोत. नायलॉक नट, कडक वॉशर. एम १२ असेल तर टॉर्क पान्याने साधारण ११५ ते १२० न्यूटन मीटर. "अंगात जोर आहे तेवढा" हे माप नाही. थोडी गाडी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.

आणि सगळे बोल्ट आधी हातानेच लावायचे, तिरकी मापं तपासायची, मगच आवळायचे.

अनिकेत_मुलुंड | ६ जून, सकाळी ८:०५
हे जपून ठेवतोय. सुमोचं रबरच तुटलं होतं, काल रात्री बघितलं. धन्यवाद.

पावसाळी | ६ जून, सकाळी ८:२०
बोंबील रद्द, कुर्लेवाल्यांना पापलेट.

प्राची_गिरगाव | ६ जून, सकाळी ११:००
काम झाल्यावर खालून काय मारायचं? आमच्या सोसायटीतले एक काका दर पावसाळ्याआधी गाडीखाली जळलेलं इंजिन ऑइल फवारतात आणि गंज येत नाही म्हणतात.

नाखवा_वर्सोवा | ६ जून, सकाळी ११:३५
आमच्या वेळी सगळे तेच करायचे. गंज थांबायचा हे खरं.

विश्वास_ठाणे | ६ जून, दुपारी १२:१५
काका, गंज काही काळ थांबतो, पण ते तेल ब्रेकच्या रबरी होजवर, बुशवर आणि हँगरच्या रबरांवर बसतं आणि रबर फुगून मऊ होतं. पहिल्या पावसात तेच तेल धुऊन रस्त्यावर येतं आणि मागची दुचाकी घसरते. उरलेलं गटारातून खाडीत जातं. मासळीच्या धंद्यातल्या माणसांनी तर हे करू नये असं मला मनापासून वाटतं.

डांबरी थरही उघड्या गंजावर लावू नका. वर कडक कवच आणि आत ओल असं होतं. क्रम असा ठेवा. गंज लोखंड दिसेपर्यंत घासा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण सुकू द्या. मग झिंकचा किंवा इपॉक्सी प्रायमर, वर इपॉक्सी रंग. मेंबर आणि रेल एकमेकांना टेकतात त्या दोन्ही पृष्ठभागांना प्रायमर मेंबर बसवण्याआधी लावायचा, नंतर तिथे ब्रश जात नाही. थर पातळच ठेवा, जाड रंग दबला की बोल्टची पकड ढिली होते. पोकळ जागांत मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स मिळतं ते फवारा. आत्ता जूनमध्ये हवा इतकी दमट आहे की घासलेलं लोखंड रात्रभरात पुन्हा लाल होतं. म्हणून घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी, छपराखाली.

नाखवा_वर्सोवा | ६ जून, दुपारी १२:४०
खाडीचं बोललात ते पटलं. पोरांना सांगतो.

आनंद_भांडुप | ६ जून, दुपारी २:१०
मी नवी गाडी घ्या म्हणालो होतो. रेल चांगली निघाली आहे आणि इतक्या जाणत्या लोकांचा सल्ला मिळतोय, तर दुरुस्ती बरोबर आहे. फक्त एक शंका. उजवी बाजू ठीक आणि डावीच का सडली? पाणी तर दोन्हीकडे पडतं.

मढकन्या | ६ जून, दुपारी २:३०
माझ्याही डोक्यात तेच आहे. वाटलं चाकाने उडणारा चिखल असेल.

नाखवा_वर्सोवा | ६ जून, दुपारी ३:१५
हौद्याला पाणी जायला भोक कुठे पाडलंय ते बघ.

मढकन्या | ६ जून, संध्याकाळी ५:५०
काका! हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात बर्फाचं पाणी जायला भोक आहे. भावाने वरून बादलीभर पाणी ओतलं आणि मी खाली बसून बघितलं. धार सरळ मेंबरच्या डाव्या टोकावर पडते, त्या सी आकाराच्या खोबणीत थोडं पाणी साचतं आणि रेलच्या सांध्यावरून ओघळतं. बर्फाचं, म्हावऱ्याचं, मिठाचं पाणी इतकी वर्षं रोज पहाटे त्याच एका जागी पडत होतं. गॅरेजवाल्यांनी पट्टी मारली असती तर त्या पट्टीवरही हेच पडलं असतं.

कुर्ला_गॅरेज | ६ जून, संध्याकाळी ६:२०
शाब्बास काका. ताई, मेंबर बसवण्याआधी हे भोक बंद करून घ्या. हौद्याचा तळ थोडा मागे उतरता करून पाणी कडेच्या पन्हळीत घ्या आणि तिथून पाइपने शेवटच्या मेंबरच्याही मागे, चासीच्या बाहेर सोडा. गाडी चालू असताना रस्त्यावर पाणी सांडायचं नाही, म्हणून पाइपच्या तोंडाला कॉक लावा आणि बाजारात गटाराजवळ उभं राहून सोडा. नव्या मेंबरच्या तळाला, टोकांपासून आत, मूळ मेंबरला असतील त्याच जागी निचऱ्याची भोकं ठेवायला बेंडिंगवाल्याला सांगा. आणि फेरी संपली की गोड्या पाण्याचा पाइप एकदा खालून मारायचा.

मढकन्या | ७ जून, सकाळी १०:४०
ठरलं. मालाडला छपराखाली काँक्रीटची फरशी असलेलं एक गॅरेज मिळालंय. मेस्त्री वयस्कर आहेत. त्यांना दादांचं उत्तर वाचून दाखवलं, तर म्हणाले, "ओळंब्याने मापं घेतो, पण लेव्हल पाइप तुम्ही आणा." रिव्हेट ड्रिलने काढायला तयार आहेत. मेंबर नवीन बनवून घेतोय, जुना मेंबर नमुन्याला बेंडिंगवाल्याकडे जाईल. सडलेल्या बाजूचं माप उजव्या टोकावरून घ्यायचं, कारण दोन्ही टोकं सारखी आहेत. ब्रेकचा मागचा पाइपही बदलतोय, क्लिपखाली तो खूपच गंजलेला निघाला. जुलैच्या मध्यापर्यंत सगळं व्हावं, म्हणजे बंदी उठायच्या आधी माल भरून एकदा चालवून बोल्टांना परत पाना लावता येईल.

एकच उरलं. हौद्याच्या निचऱ्याला पाइप किती मोठा घेऊ? दुकानदार अर्धा इंच पुरेल म्हणतो.

नाखवा_वर्सोवा | ७ जून, सकाळी ११:०५
अर्धा इंच नको. खवले आणि बर्फाचे तुकडे अडकतात आणि पाणी परत हौद्यात तुंबतं. सव्वा इंची घे, वळण एकच ठेव, आणि पन्हळीच्या तोंडाला जाळी लाव जी हाताने उपसता येईल. जाळी रोज धुवायची.